‘तत्त्वतः मान्य’ म्हणणारे हम्फ्रेसाहेब

सरकारी कचेरीत ज्याने दहा वर्षे काढली आहेत, त्याला ‘यस मिनिस्टर’ ही मालिका समजावून सांगावी लागत नाही. मंत्री काहीतरी बदलायचे ठरवतो, सचिव ‘होय मंत्रिमहोदय’ म्हणतो आणि शेवटी काहीच बदलत नाही. गोष्ट एवढीच. बीबीसीने ती १९८० ते १९८४ या काळात दाखवली. पुढे मंत्रिमहोदय पंतप्रधान झाले आणि १९८६ ते १९८८ या काळात ‘यस प्राइम मिनिस्टर’ आली. दोन्ही मिळून ३८ भाग. आपल्याकडचे अधिकारी आजही या मालिकेचे दाखले देतात. प्रशासन असेच असते, असे हसत हसत सांगतात. मी अलीकडे सगळा संच डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. हसले मीही. पण या वेळी एक प्रश्न सतत डोक्यात राहिला. या मालिकेत आपण नेमके कुणाला हसतो? आणि आपल्याला हसवणाऱ्यांना काय हवे होते?

मी १९८८ साली राखीव जागेवर कनिष्ठ लिपिक म्हणून शासनाच्या एका कार्यालयात लागले. निवृत्त झाले तेव्हा कक्ष अधिकारी होते. मधली काही वर्षे मागासवर्गीय कर्मचारी संघटनेचे काम केले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सहकाऱ्याने ही मालिका व्हिडिओ कॅसेटवर दाखवली होती. सर हम्फ्रे अॅपलबी हे खात्याचे स्थायी सचिव. नायजेल हॉथॉर्नने हे काम असे केले आहे की माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. साध्या ‘नाही’साठी ते अशी लांबलचक वाक्ये बोलत, की तेव्हा माझे इंग्रजी अर्ध्या वाटेवरच दमत असे. स्टुडिओतले प्रेक्षक हसले की आम्हीही हसायचो.

डीव्हीडीवर तसे होत नाही. खाली इंग्रजी अक्षरे येतात. बटण दाबून वाक्य थांबवता येते, मागे नेता येते. हम्फ्रेसाहेबांचे वाक्य कागदावर उतरवून पाहिले, तर ते आपल्याच नस्तीवरचे निघते. ‘प्रस्ताव तत्त्वतः मान्य. तथापि सर्व बाबी तपासून फेरसादर करावे.’ तीस वर्षांत हा शेरा मी किती वेळा वाचला असेन, मोजदाद नाही. आणखी एक गोष्ट थांबवून पाहिल्यावर दिसते. ही मालिका स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित झाली, म्हणजे त्यातले हसू जिवंत माणसांचे आहे. ते कुठल्या शब्दावर उठते, हे नोंदवत गेले की त्या समाजाचा नकाशाच हाती लागतो.

त्यातले एक हसू पुन्हा पुन्हा येते. मंत्री जिम हॅकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला आहे आणि सर हम्फ्रे ऑक्सफर्डचे. आधी विंचेस्टरची महागडी शाळा, मग बेली कॉलेज नावाचे काल्पनिक ऑक्सफर्ड कॉलेज, विषय ग्रीक आणि लॅटिन. मंत्र्याचा खासगी सचिव बर्नार्ड हाही ऑक्सफर्डचाच. मंत्र्याला एखादा लॅटिन शब्द कळला नाही, की सचिव सौम्यपणे आठवण करून देतात, आपण एलएसईचे, नाही का. आणि प्रेक्षक हसतात.

मित्रहो, इथे मी थांबले. आपल्या घरांत एलएसई हे नाव कसे घेतले जाते, ते तुम्हाला माहीत आहे. बाबासाहेब १९१६ साली तिथे दाखल झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले, १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधावर त्यांनी डी. एस्सी. मिळवली. आपल्या पोरांना अभ्यासाला बसवताना आपण ज्या संस्थेचे नाव घेतो, ती हम्फ्रेसाहेबांच्या वर्तुळात कमीपणाची खूण आहे. यात रागवायचे काही नाही, शिकायचे आहे. ज्ञान किती आहे हा प्रश्न तिथे नसतोच. तुम्ही आमच्यातले आहात का, एवढाच प्रश्न असतो. तुम्ही दार गाठलेत, की दार दोन पावले मागे सरकते.

हे बाबासाहेबांइतके कुणी सोसले? १९१७ साली एलएसईतून परतलेला हा माणूस बडोदे संस्थानात नोकरीला लागला. तिथले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद ठेवत नव्हते, लांबून फेकत होते. कचेरीत प्यायला पाणी मिळत नव्हते, शहरात राहायला जागा मिळाली नाही. हम्फ्रेसाहेब मंत्र्याला कागदांखाली गाडून हरवतात. बडोद्यात कागद हातात देणेही नाकारले गेले. दोन्हींची जातकुळी वेगळी आहे, हे मला कळते. हॅकरला कुणी विटाळ मानत नाही. त्याला फक्त हसतात. पण कचेरी ही कुणाची तरी खासगी मालमत्ता आहे आणि तुम्ही तिथे पाहुणे आहात, ही भावना दोन्हीकडे एकच आहे.

हम्फ्रेसाहेब स्वतःला गुणवत्तेने आलेले मानतात. ब्रिटिश नोकरशाहीत वशिल्याऐवजी परीक्षेने भरती करावी, ही शिफारस १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालातली. दुसऱ्याच वर्षी हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. कागदावर सर्वांना खुली. त्या परीक्षेत ग्रीकला ७५० गुण, लॅटिनला ७५० गुण, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. परीक्षेचे केंद्र लंडन. म्हणजे ऑक्सफर्डचा पोरगा जे शाळेपासून शिकत आला, त्याचेच नाव गुणवत्ता. ही परीक्षा अन्यायकारक आहे, ती हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी १८८५ च्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनात झाली. मागणी रास्तच होती. पण मागणाऱ्यांत बहुसंख्य कोण होते ते आठवा. तेव्हा त्यांना नेमके कळत होते की परीक्षेची रचनाच कुणाला पास करायचे ते ठरवते. १९२२ पासून परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली आणि हळूहळू हे शहाणपण विसरले गेले. ‘मेरिट’ हा शब्द जणू आकाशातून पडला आहे, असा वापरला जाऊ लागला.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला बसले, त्याकडे येते. १९८२ च्या तिसऱ्या पर्वातला पहिला भाग, नाव ‘इक्वल अपॉर्च्युनिटीज’, म्हणजे समान संधी. एक शाळकरी मुलगी शाळेच्या मासिकासाठी मंत्र्याची मुलाखत घेते आणि विचारते, तुम्ही आजवर काय साध्य केले? हॅकरला उत्तर देता येत नाही. मग काहीतरी करून दाखवायचे म्हणून तो ठरवतो, की वरिष्ठ सनदी पदांवर चार वर्षांत २५ टक्के स्त्रिया असतील. सुरुवात म्हणून त्याच्याच खात्यातल्या सारा हॅरिसन या हुशार अधिकारी बाईला डेप्युटी सेक्रेटरी करायचे.

सर हम्फ्रे सर्व खात्यांच्या स्थायी सचिवांसमोर हा विषय ठेवतात. सगळे पुरुष. आणि सगळ्यांना स्त्रियांची समान संधी तत्त्वतः मान्य! फक्त परराष्ट्र खात्याला अडचण आहे, काही देशांत बाई राजदूत चालणार नाही. गृह खात्याला अडचण आहे, तुरुंग आणि पोलीस हे बायकांचे काम नव्हे. संरक्षण खात्याला अडचण आहे, सेनापती ऐकणार नाहीत. उद्योग तर पुरुषांचेच क्षेत्र. तत्त्व सर्वांना मान्य, पण प्रत्येकाचे खाते अपवाद. आणि मग हम्फ्रेसाहेब समारोप करतात, की लिंगभेद न करता त्या जागेसाठी सर्वोत्तम असलेल्या पुरुषालाच बढती देण्याचा आपला अधिकार अबाधित राहिला पाहिजे.

हा प्रसंग मी सलग तीन वेळा पाहिला. पदोन्नती समितीच्या बैठकांसाठी कागद तयार करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. तिथे आरक्षणाच्या विरोधात कुणी एक शब्द बोलत नसे. सगळ्यांना सामाजिक न्याय मान्य. सगळे १४ एप्रिलला प्रतिमेला हार घालणारे. फक्त या पदाचे स्वरूप तांत्रिक आहे. फक्त या वर्षी गोपनीय अहवाल पूर्ण नाहीत. फक्त बिंदुनामावली तपासणीला गेली आहे. आणि इतिवृत्तात शेवटी तेच वाक्य, ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’. अनुशेष असाच तयार होतो. तो कुणी एक दुष्ट माणूस तयार करत नाही. सभ्य माणसे चहा पीत तयार करतात. लंडनच्या लेखकांना हे इतके अचूक माहीत होते, याचे मला खरोखर कौतुक वाटते.

हम्फ्रेसाहेब सारा हॅरिसनची स्तुतीही करतात. काय, तर बाई असून ती फार चांगली आहे. ‘असून’ या शब्दाची किंमत मला विचारा. माझ्या एका वरिष्ठांनी माझ्या टिपणीचे कौतुक करताना हाच शब्द वापरला होता. ‘तुमच्यातल्या असून तुमचे ड्राफ्टिंग शुद्ध आहे.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मते तो सत्कारच होता.

या भागाचा शेवट मात्र असा आहे. मंत्री साराला बोलावून बढतीची बातमी देतो आणि ती सांगते, मी राजीनामा देते आहे. एका मर्चंट बँकेत संचालक म्हणून चालले. तिला खरे काम हवे आहे, इथला निरर्थक कागदांचा खेळ नको आहे. आणि २५ टक्क्यांच्या कोट्यातली म्हणून मिरवायचे तर मुळीच नाही. बिचारा मंत्री तोंड पाडून बसतो. स्टुडिओ हसतो. कोट्याचा विषय संपला.

माझी मुलगी माझ्या शेजारी बसून हा भाग पाहत होती. ती खासगी बँकेत आहे. ती लगेच म्हणाली, “आई, ती बरोबर बोलतेय.”

“काय बरोबर बोलतेय?”

“मलाही कुणी कोट्यातली म्हणू नये असंच वाटतं. मी आमच्या बँकेत कुठल्याही राखीव जागेवर नाही, तरी लोक तसंच समजतात.”

“मग दोष कोट्याचा की समजणाऱ्यांचा?”

ती गप्प राहिली नाही. आमच्या घरात कुणी गप्प राहत नाही. ती म्हणाली, “समजणाऱ्यांचाच. पण रोज ऐकून घ्यावं मला लागतं, त्यांना नाही.”

तिचे म्हणणे खोटे नाही. तो त्रास खरा आहे आणि माझ्या पिढीने तो दात दाबून सोसला म्हणून तिनेही सोसावा, असे मी तिला सांगणार नाही. पण मी तिला तो प्रसंग पुन्हा लावून दाखवला. म्हटले, नीट बघ. सारा हॅरिसन ही एका लेखकद्वयीने लिहिलेली बाई आहे. दोन्ही लेखक पुरुष. समान संधीला सगळ्या पुरुषांनी मिळून सुरुंग लावला, हे त्यांनी सुंदर दाखवले. पण शेवटचा घाव मात्र बाईच्या हातून घालवला. कोटा कुणी नाकारला? सचिवांनी नाही, स्वतः हुशार बाईने! आता सचिवांचे हात स्वच्छ. आपल्याकडेही ही युक्ती जुनी आहे. आपल्यातलाच एखादा शिकलेला, सुस्थितीतला माणूस शोधायचा आणि त्याच्या तोंडून वदवायचे, की मला कुबड्या नकोत.

आणि सारा त्या खुर्चीपर्यंत पोचली कशी? ब्रिटनच्या सनदी नोकरीत लग्न झालेल्या बाईला नोकरी सोडावी लागे. हा नियम १९४६ साली उठला. तिथे पहिली स्त्री स्थायी सचिव, एव्हलिन शार्प, १९५५ साली झाली. नियम उठवायला बायकांना भांडावे लागले, तेव्हा साराला ‘मला गुणवत्तेवर जोखा’ म्हणण्याची सोय झाली. हम्फ्रेसाहेबांना मात्र संपूर्ण मालिकेत कुणी विचारत नाही, की तुम्ही कुठल्या कोट्यातून आलात. विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड हा कोटाच होता. फक्त त्याला टक्केवारी लिहिलेली नव्हती.

आता लेखकांविषयी. अँटनी जे आणि जोनाथन लिन. यांतले जे हे मार्गारेट थॅचर यांच्या विचारांचे समर्थक. सरकारी नोकर लोकसेवेच्या नावाखाली स्वतःचेच हित पाहतो, या ‘पब्लिक चॉइस’ सिद्धांताचा मालिकेमागे हात होता, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. थॅचर बाईंना मालिका इतकी आवडे, की जानेवारी १९८४ मध्ये एका समारंभात त्या स्वतः पंतप्रधान म्हणून हॅकर आणि हम्फ्रे यांच्यासोबत एका छोट्या प्रवेशात काम करून गेल्या. त्या प्रवेशात त्या अर्थतज्ज्ञांनाच बरखास्त करा, असे फर्मावतात. सगळे हसले. हसता हसता त्या काळात ब्रिटनमधले सरकारी उद्योग विकले जात होते.

मालिकेतला एक गाजलेला भाग आहे, १९८१ चा. नवे कोरे रुग्णालय, पाचशेच्या आसपास कर्मचारी, आणि एकही रुग्ण नाही. डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत, तरी प्रशासन पूर्ण वेळ व्यस्त. मी पोट धरून हसले. पण मग विचार केला, हे हसू मला कुठे नेते? रिकामे रुग्णालय पाहून एक जण म्हणतो, यात डॉक्टर आणा. दुसरा म्हणतो, विकून टाका. पहिल्या माणसाचे घर सरकारी दवाखान्यावर चालते, दुसऱ्याचे नाही. थॅचर बाई आणि मी एकाच विनोदावर हसलो, पण हसून निघालो ते दोन वेगळ्या दिशांना.

आपल्याला सरकार नको आहे, असे नाही. आपल्याला ते हम्फ्रेसाहेबांच्या वर्तुळातून सोडवून आणायचे आहे. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या हाती मागितले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात संविधान सभेला बजावले, की घटनेला हात न लावता केवळ प्रशासनाचे रूप बदलूनही घटना उलटवता येते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या आहेत. राज्य हवे, आणि राज्य चालवणाऱ्यांवर नजरही हवी. जो फक्त दुसरी गोष्ट घेतो आणि पहिली सोडतो, तो सरकारी नोकरीच्या विनोदावर हसत हसत आपल्या पोरांची नोकरी हसण्यावारी नेतो.

२००१ साली स्टार प्लसवर या मालिकेचा हिंदी अवतार आला, ‘जी मंत्रीजी’. फारूख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंह झाले आणि जयंत कृपलानी सचिव राजनाथ माथुर. आडनावे बघा. विंचेस्टर-ऑक्सफर्डचे भारतीय भाषांतर काय, हे करणाऱ्यांना विचार करावा लागला नसेल. हात आपोआप तिकडेच गेला. आणि वास्तव त्याहून वेगळे नाही. २०१९ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार केंद्र सरकारच्या ८९ सचिवांत अनुसूचित जातीचा एक, अनुसूचित जमातीचे तीन आणि ओबीसी एकही नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये थेट भरतीने ४५ वरिष्ठ पदे भरण्याची जाहिरात निघाली, त्यात आरक्षण नव्हते. देशभर ओरड झाली, तेव्हा काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. ओरड झाली नसती तर? सगळ्यांना सामाजिक न्याय तत्त्वतः मान्यच होता.

म्हणून मी आमच्या संघटनेतल्या तरुण कर्मचाऱ्यांना ही मालिका जरूर पाहायला सांगते. हम्फ्रेसाहेबांचा तिरस्कार करायला नव्हे, त्यांची पद्धत शिकायला. हॅकर हा काही क्रांतिकारक नाही. मतांवर डोळा ठेवणारा साधा पुढारी. पण त्या एका भागात सगळे सचिव त्याला घाबरून एकत्र का जमले? स्त्रियांना समान संधी हवी असे तो नुसते म्हणाला असता, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्याने आकडा सांगितला, २५ टक्के. आणि मुदत सांगितली, चार वर्षे. तत्त्वाला कुणी घाबरत नाही. आकड्याला आणि तारखेला घाबरतात.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी सरकारी नोकऱ्यांबाबत निवेदन दिले आणि १९४३ साली अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. सहानुभूतीचा ठराव नव्हे, आकडा. आजची बिंदुनामावली हे त्याच आकड्याचे पुढचे रूप आहे. कुठल्या क्रमांकाची जागा कुणाची, हे कागदावर ठरलेले. म्हणूनच ती कायम तपासणीला गेलेली असते.

माझ्या मुलीचे अजून पूर्ण पटलेले नाही. तिच्या मते रोजच्या बोलण्याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही, आणि तेही खरे आहे. त्यावर आमचे भांडण चालू राहील. पण तुमच्या टेबलावर ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा घेऊन एखादी नस्ती आली, तर तेवढ्यावर परत पाठवू नका. खाली तीन ओळी लिहा. पदे किती? कोणत्या तारखेपर्यंत? जबाबदार अधिकारी कोण? आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

जय भीम.